गाळा भाड्यानं दिला आणि भाडं गल्ल्यातून घेतलं

निपाणीच्या एका वाचकानं विचारलंय, पण चिकोडी, हुक्केरी, खानापूरकडून पण असंच विचारणारे बरेच आहेत म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो. बसस्टँडजवळचा गाळा यांनी 'व्हिडिओ गेम पार्लर' म्हणून कागलच्या एका माणसाला दिला, त्यानं आत लॉटरीच्या मशिनी लावल्या, पैसे भरायचे, बटण दाबायचं, आकडे फिरतात, लागलं तर काउंटरवर रोख. पोलिसांनी धाड टाकली, मशिनी उचलल्या, गाळ्याला सील ठोकलं आणि मालकालाही बीएनएसएस कलम 35(3) ची, म्हणजे चौकशीला हजर राहायची नोटीस आली. यांचे प्रश्न दोन. "मी नुसता मालक, माझा काय संबंध?" आणि "मागची तारीख टाकून नवीन भाडेकरार केला तर चालेल काय?"

जुगार कशाला म्हणतात ते सांगत बसत नाही. सरळ तुमच्या कराराचा फोटो बघू. कलम सहा : दरमहा सहा हजार भाडं, 'शिवाय रोजच्या गल्ल्याच्या आठ टक्के'. ओ, ही ओळ लिहायची अक्कल कुणी दिली तुम्हाला?

कर्नाटक पोलीस कायदा 1963, कलम 79. जागेच्या मालकाला यात अडकवायचं तर त्यानं जाणूनबुजून ती जागा जुगाराला वापरू दिली हे दाखवावं लागतं. ठरलेलं भाडं घेणारा मालक म्हणू शकतो की बाबा मला पहिल्या तारखेला पैसे आले, आत काय चाललंय मी बघत नाही. तुम्हाला ते तोंड राहिलं नाही. गल्ल्यात हिस्सा घेणं हा काय गुन्हा नव्हे, मॉलमधले गाळे तसेच जातात, पण ज्याला हिस्सा येतो त्याला गल्ला कशाचा हे माहीत नव्हतं यावर विश्वास कोण ठेवणार? दर सोमवारी तुमच्या फोनपेवर वेगवेगळी रक्कम आलीय, बाराशे, तीन हजार, एकदा तर नऊ हजार. पोरांच्या कार रेसच्या गेमवर आठवड्याला एवढा गल्ला होतो होय?

त्यात जुलैमध्ये शेजारच्या दुकानदारानं व्हॉट्सॲपवर लिहिलं की "तुमच्या गाळ्यात पोरं पगार घालवायलीत", त्यावर तुम्ही अंगठा पाठवून मोकळे. धाड पडली ऑक्टोबरात. मधले तीन महिने हिस्सा चालूच. सरकारी वकील दुसरं काही शोधायच्या भानगडीत पडणार नाही बघा. त्याच आठवड्यात भाडेकरूला नोटीस काढली असती, निदान पोलिसात एक अर्ज टाकला असता, तर आज तुम्ही आरोपी नाही, साक्षीदार असता.

मागच्या तारखेच्या कराराचं डोक्यातून काढून टाका. ई-स्टॅम्पवर तारीख-वेळ छापून येते. आत्ता जुगाराचा गुन्हा आहे, मग बनावट कागदाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा वेगळा लागेल. चॅट पण डिलीट करू नका, शेजाऱ्याकडं आहेच ते.

भाडेकरू म्हणतोय की कोल्हापुरात लॉटरी उघड चालते, माझ्याकडं जीएसटी नंबर आहे. जीएसटी नंबर म्हणजे कर भरायचा नंबर, परवाना नव्हे. 1998 च्या केंद्राच्या लॉटरी कायद्यात कलम 5 आहे, त्यानुसार राज्याला बाहेरच्या राज्यांची लॉटरी आपल्या हद्दीत बंद करता येते, आणि कर्नाटकात लॉटरी 2007 पासून बंदच आहे. महाराष्ट्राची स्वतःची चालू आहे, म्हणून सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की कायदा बदलतो. गोव्याचं पण ऐकवतील, तिथं 1992 च्या दुरुस्तीनं स्लॉट मशिनी आल्या त्या पंचतारांकित हॉटेलात, बसस्टँडवर नव्हे. आणि 'हा कौशल्याचा खेळ' हा बचाव आपल्याच राज्याच्या केसमध्ये, एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक सरकार, 1995 साली सुप्रीम कोर्टात करून झालाय. परवान्याशिवाय व्हिडिओ गेम पार्लर नाही, आणि नुसत्या नशिबावर चालणारी मशीन म्हणजे जुगारच, असा त्याचा अर्थ निघतो.

शिक्षा किती, जामीन कसा, हे एफआयआर बघितल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही. 2021 ला राज्यानं कायदा कडक केला, 14 फेब्रुवारी 2022 ला हायकोर्टानं ऑनलाईन कौशल्याच्या खेळांपुरत्या त्यातल्या तरतुदी रद्द केल्या, 2025 मध्ये केंद्राचा ऑनलाईन गेमिंगचा कायदा आला. मशिनी नेटला जोडलेल्या होत्या काय यावर पण बरंच अवलंबून.

नोटिशीच्या तारखेला हजर राहायचंच. हजर राहून सहकार्य केलं तर अटकेसाठी पोलिसांना कारण लेखी नोंदवावं लागतं, दांडी मारली तर ते कारण तुम्हीच पुरवलं. तरी आधी वकिलाशी बोलून अटकपूर्व जामिनाचं ठरवा. महजर, म्हणजे पंचनामा, कन्नडमध्ये होता, वाचता आला नाही तरी सही केली म्हणताय... झालं ते झालं, आता जबाब देताना प्रत्येक ओळ कुणाकडून तरी समजून घ्या, मगच सही.

गाळ्याचं सील काढायला मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येईल, पण तारखा पडत राहतील, पोलिसांचं म्हणणं यायलाच महिने जातात, त्या भाड्यावर कुठला हप्ता काढला असेल तर त्याची सोय आत्ताच बघा. एफआयआर रद्द करायला हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जाता येतं, पण करारात ते कलम सहा असताना मी घाई करणार नाही, दोषारोपपत्रात काय येतंय ते आधी बघू. भाडेकरूला मात्र याच आठवड्यात वकिलामार्फत जागा सोडायची नोटीस काढा, महिन्याच्या भाडेकरूला निदान पंधरा दिवसांची लागते. आणि या सोमवारी त्यानं पैसे पाठवले तर ठेवून घेऊ नका, त्याच दिवशी त्याच्याच खात्यावर परत पाठवा आणि स्क्रीनशॉट तुमच्या वकिलाला द्या.