तीन महिन्यांचे बिऱ्हाड

प्रश्न : आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून म्युनिकला आलो. यजमानांच्या कंपनीने तीन महिन्यांसाठी फर्निचरसह दोन खोल्यांचे घर दिले आहे. त्यानंतरचे घर आम्हीच शोधायचे आहे. बाकीचे सामान जहाजाने येत आहे. मुलगा आठ वर्षांचा असून नाशिकला तिसरीत होता, मुलगी चार वर्षांची आहे. पुन्हा जागा बदलायचीच आहे म्हणून बॅगा अजून पुरत्या उघडल्या नाहीत, आणि दोनदा शाळा बदलावी लागू नये म्हणून मुलाला शाळेतही घातलेले नाही. तो खिडकीपाशी बसून राहतो आणि ‘आपले घर कधी येणार?’ असे विचारतो. मी स्वतः या घरात पाहुण्यासारखी वावरते. हातातून भांडे पडले तरी दचकते. ताई, हे तीन महिने कसे काढावेत?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : तुमचा मुलगा ज्याची वाट पाहत आहे ते घर तीन महिन्यांत मिळेलच याची म्युनिकमध्ये कोणीही हमी देणार नाही, म्हणून त्याच्या प्रश्नाला तारखेचे उत्तर देऊ नका. ‘सध्या हेच आपले घर आहे’ असे त्याला सांगा आणि ते त्याला खरे वाटेल असे आजपासून वागा. मोठ्या माणसाला तीन महिने हा मधला काळ वाटतो. आठ वर्षांच्या मुलाच्या हिशेबात ते शाळेचे जवळजवळ अख्खे सत्र असते.

शाळेपासून सुरुवात करते, कारण तिथे थांबणे मला चुकीचे वाटते. जर्मनीत शाळा सक्तीची आहे आणि शाळेऐवजी घरी शिकवण्याची मुभा नाही. सरकारी प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते व तिला फी नसते. पुढचे घर दुसऱ्या भागात मिळाले, तर त्याच शाळेत राहू देण्यासाठी अर्ज करता येतो. तो प्रत्येक वेळी मंजूर होतोच असे नाही, पण समजा शाळा बदललीच, तरी तोवर कानावर पडलेले जर्मन त्याच्याबरोबरच जाणार आहे. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात याला आणखी एक कारण आहे. तिथे चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. चौथीच्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला मिळणाऱ्या प्रगतिपत्रकात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी पाहतात आणि ती २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे आकड्याने कमी, असेल तर मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवर नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जाण्यास पात्र ठरते. नंतरही मार्ग बदलता येतो, त्यामुळे याचे दडपण घेऊ नका. पण तिसरीतल्या मुलाचे तीन महिने खिडकीपाशी जाणे त्याला महागात पडेल. नव्याने आलेल्या मुलांसाठी काही शाळांत जर्मनचे खास वर्ग असतात. प्रवेशाच्या वेळी त्यांची चौकशी करा आणि एक इयत्ता मागे बसवण्याचा सल्ला मिळाला, तर तो अपमान समजू नका.

दुसरे काम पत्त्याच्या नोंदणीचे. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी लागते. केली नसेल, तर मिळेल त्या पहिल्या तारखेची वेळ घ्या. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. अल्पमुदतीच्या घरांचे काही मालक तो देताना टाळाटाळ करतात, तेव्हा यजमानांनी कंपनीमार्फत तो लेखी मागावा. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने येतो. तो मिळेपर्यंत पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. जहाजाने येणारे सामान करमुक्त सोडवून घेतानाही या नोंदणीच्या दाखल्याचा उपयोग होतो. युरोपीय संघाबाहेर सलग १२ महिने वास्तव्य आणि वस्तू किमान ६ महिने वापरलेल्या, अशी त्या सवलतीची मुख्य अट आहे, म्हणून येण्याआधी घेतलेल्या कोऱ्या वस्तूंची यादी वेगळी करा. आणि हे सगळे होण्याआधी खाली जाऊन टपालपेटी पाहा. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव पाहतो. तिथे अजून आधीच्या भाडेकरूचे किंवा कंपनीचे नाव असेल, तर तुमची पत्रे परत जातील. तुमचे आडनाव मुलालाच रोमन अक्षरांत ठसठशीत लिहायला सांगा आणि मालकाला विचारून पेटीवर व घंटीवर लावा. या घरावर आपले नाव आहे, हे त्याला रोज येता-जाता दिसेल.

आता बॅगांविषयी. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही जर्मनीतल्याच श्टुटगार्टला गेलो, तेव्हा मीही नेमके हेच केले होते. ‘खऱ्या घरात गेल्यावर मांडू’ म्हणून देव पंचात गुंडाळून बॅगेत ठेवले होते. एका संध्याकाळी मी स्वयंपाक करीत असताना माझ्या सहा वर्षांच्या मुलीने बॅगेची चेन उघडली, बाळकृष्ण बाहेर काढला, खिडकीच्या कट्ट्यावर हीटरच्या वर ठेवला आणि त्याच्यापुढे बिस्किटाचा अर्धा तुकडा ठेवून मला म्हणाली, ‘त्याला आत अंधार होतो.’ मला तिच्याकडे पाहवेना. त्या रात्री आम्ही सगळ्या बॅगा रिकाम्या केल्या आणि पलंगाखाली सरकवून दिल्या. चार महिन्यांनी त्या पुन्हा भरायला एक रविवार पुरला. तुम्हीही भरा-उघडायच्या त्या एका दिवसाच्या कष्टांसाठी तीन महिने अडून राहू नका. भिंतीला खिळा मारता येणार नाही, पण मुलांची चित्रे फ्रिजवर लावता येतील, सतरंजी अंथरता येईल, जेवायची जागा ठरवता येईल. मात्र आधीपासूनच पडलेले ओरखडे आणि डाग यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, म्हणजे मुले घरात मोकळेपणी वावरू शकतील.

स्वयंपाकघर बसले की निम्मे घर बसते, असा माझा अनुभव आहे. शेगडी इंडक्शनची असेल, तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटते का ते पाहावे, चिकटले तर चालेल. मिक्सर मात्र निर्धास्तपणे वापरा, कारण वीज तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे आणि फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. पोळ्यांसाठी ४०५ क्रमांकाचे पीठ आणले, तर तो जवळजवळ मैदाच असतो. १०५० क्रमांकाचे गव्हाचे पीठ आपल्या कणकेच्या अधिक जवळ जाते. फोडणी घालण्यापूर्वी खिडकी सताड उघडा. तशीही थंडीत दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या पूर्ण उघडण्याची तिथे पद्धत आहे. ती पाळली नाही, तर कुकरच्या वाफेने आणि आत वाळत घातलेल्या कपड्यांनी भिंतींना बुरशी धरते.

भांडे पडले म्हणून दचकू नका. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी शांतता पाळायची असते. त्या वेळांत मिक्सर लावू नये, एवढे पथ्य पुरे. बाकी दिवसभर घरात घरासारखे आवाज होणारच. शेजारच्या एका दाराची घंटी वाजवून, मुलांना पुढे उभे करून, आपले नाव सांगून या. तुम्हाला तिथे थोडेच दिवस राहायचे आहे, हे ओळख न करून घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

जानेवारीत म्युनिकमध्ये साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो आणि नाशिकच्या मुलांना हे फार जड जाते. शाळा सुरू होईपर्यंत त्यांना दुपारच्या जेवणाआधी बाहेर न्या, बर्फ असला तरी न्या. आजी-आजोबांशी बोलणे सकाळी ठेवा. हिवाळ्यात भारताचे घड्याळ साडेचार तास पुढे असते, म्हणजे तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा इथे साडेअकरा झालेले असतात. रात्री बोलणे झाले, तर इथली मंडळी पेंगुळलेली असतात आणि मुले रडवेली होऊन झोपतात.

घर शोधताना घाई करू नका. पुष्कळ घरांत ओटा आणि शेगडीसुद्धा नसते, आणि अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागितली जाऊ शकते. सध्याच्या जागेची मुदत वाढवून मिळेल का, हे कंपनीला शेवटच्या आठवड्यात न विचारता आत्ताच विचारा.

प्रश्न : मुलगा-सून नातवंडांसह नुकतेच जर्मनीला गेले असून सध्या तात्पुरत्या घरात आहेत. मदतीसाठी आम्ही दोघांनी लगेच जावे का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : जरा थांबावे, असे मला वाटते. शेंगेन, म्हणजे जर्मनीसह अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या, व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ते दिवस दोन खोल्यांच्या घरात आणि कडाक्याच्या थंडीत खर्च करण्यापेक्षा कायमच्या घरी सामान लावताना तुमचा हातभार अधिक मोलाचा ठरेल. तोवर किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासातील वैद्यकीय विमा आणि कागदपत्रे यांची तयारी करून ठेवावी. दरम्यान फोनवर नातवंडांना ‘तिथे करमते का?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाने मुले हटकून हिरमुसतात. ‘आज खिडकीतून काय दिसले, दाखव’ असे म्हणावे, मग ती फोन घेऊन घरभर हिंडतील आणि घरातला एकेक कोपरा तुम्हाला दाखवतील.