मोबाईलवर नकाशा असताना मानवी भूगोल आणि नकाशावाचन शिकायची गरज काय?

गरज आहे. माणसं कुठे राहतात, तिथेच का राहतात आणि कुठल्या वाटेनं ये-जा करतात, हे समजून घेणं म्हणजे मानवी भूगोल. सविस्तर व्याख्या पुस्तकात मिळेल. मी लिहायला बसले ते तुमच्या 'मोबाईलवर नकाशा असताना' या शब्दांमुळे, कारण हेच मला आमच्या बांधावर ऐकवलं गेलंय.

आमची शेती सातारा जिल्ह्यात. गावठाणातून मळ्याकडे जाणारी पाणंद शेजारच्या गटवाल्यानं नांगरली आणि तिच्यावर ऊस लावला. त्याच्या मुलानं मोबाईलवर उपग्रहाचं चित्र दाखवून विचारलं, "दाखवा, कुठाय रस्ता?" चित्र लागणीनंतरचं, त्यात ऊसच दिसणार. वडील गप्प झाले. मी भूमी अभिलेखातून जुन्या गावनकाशाची नक्कल काढली. त्याचं प्रमाण आठ इंचाला एक मैल, म्हणजे १:७९२०. ओढ्याच्या कडेनं दोन तुटक रेषा समांतर जातात आणि आमच्या विहिरीच्या अलीकडे शिवेकडे वळतात. दुबार तुटक रेषा म्हणजे गाडीवाट. पायवाट असती तर तुटक रेष एकच असती. तहसीलदारांपुढे हाच मुद्दा टिकला. स्थळपाहणीला आलेल्या मंडळींना कुठे उभं राहायचं, हे मी नकाशावरून दाखवलं.

वीस फुटी वाट त्या नकाशावर जेमतेम पाऊण मिलिमीटर भरते. तीच १:५०,०००च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वे ऑफ इंडियाच्या स्थलदर्शक नकाशावर, प्रमाणात काढायची तर ०.१२ मिलिमीटर, म्हणजे दिसणारच नाही. नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही, असं छातीठोक सांगणाऱ्याला प्रमाण कळत नाही. नकाशा कुणी, कधी आणि कशासाठी केला हेही आधी बघावं लागतं. इंग्रज सरकारला शेतसारा गोळा करायचा होता, म्हणून गावनकाशात सर्वे नंबर, हद्दीचे दगड, ओढे आणि वाटा आल्या. मोबाईलचा नकाशा दुकान आणि डांबरी रस्ता शोधायला चांगला आहे. त्यानं बांधाचा वाद मिटवायला जाऊ नका.

आणि हे वाद आत्ताच का वाढले? इथे मानवी भूगोल लागतो. विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, रात्रीची लाईट आली की पाणी धरायला मळ्यातच राहणं सोयीचं झालं, आणि गावठाणात दाटीनं राहणारी माणसं वस्त्या करून पांगली. पुस्तकात केंद्रित आणि विखुरलेली वसाहत म्हणतात, ती ही. जिथून सुगीत चार बैलगाड्या जायच्या तिथून आता उसाचा ट्रॅक्टर, दुधाच्या किटल्या आणि शाळेची पोरं रोज जातात. वाटेची गरज वाढली, तसा जमिनीचा भावही वाढला. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठासुद्धा कुणी सोडायला तयार नाही.

बी.ए.ला मी भूगोल घेतला तेव्हा आमचे मामा म्हणाले होते, राजधान्या पाठ करून पोरगी काय दिवे लावणार? भूगोल म्हणजे राजधान्या, असं समजणारे अजून घरोघरी आहेत. तुमच्याही घरी असतील तर त्यांचं ऐकू नका. गणितात बरे मार्क असले तरी भूगोल घ्या.

एक सांगायचं राहिलं. नुसत्या नकाशावर निकाल लागत नाही. गटवारीनंतर, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडल्यावर, जुने सर्वे नंबर बदललेत, ते गटांशी ताडून घ्यावे लागतात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट दिसतात, पण हद्द ठरते ती मोजणीनं. असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, आणि त्यात वाट मिळते ती बांधावरून.