दाखला काढू नका, आधी अर्ज द्या

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, अनुदानित शाळेत. वर्गातली तिघं वर्षभर त्याच्या मागं लागलीत. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मारलं, ओठ फाटला, व्हिडिओही फिरतोय. मुख्याध्यापकांना तीनदा भेटलो. ते म्हणतात, "पोरांचं पोरांत असतंय, जमत नसेल तर दाखला घेऊन जावा." भाऊ तालमीतली पोरं घेऊन शाळेवर निघालाय. पोलिसांत जाऊ का?
– एक पालक, शिवाजी पेठ

उत्तर : भावाला आधी थांबवा. राग येणारच, पण मोठ्या माणसाचा हात त्या पोरांना लागला, की तुम्ही फिर्यादी राहत नाही, आरोपी होता.

दाखला मागायचा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे कलम त्या तिघांनाही लागू आहे. म्हणून 'त्यांना काढा' म्हणू नका. त्यांची तुकडी बदला, मधल्या सुट्टीत शिक्षक नेमा, त्यांच्या पालकांना बोलावून लेखी समज द्या, पोरांचं समुपदेशन करा, एवढं मागा. ती पोरंही तेरा-चौदाचीच आहेत.

तुमची अडचण वेगळीच आहे. तिन्ही वेळा तुम्ही तोंडी सांगितलंत. आता अर्ज लिहा : काय झालं, कुठं, कधी, आणि आधी कोणत्या तारखांना कुणाला सांगितलं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर (अर्ज पोचल्याचा नोंद क्रमांक) घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. एक प्रत जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

एवढा आग्रह का, तेही सांगते. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७५ नुसार, मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला त्रास होऊ दिला, तर तो गुन्हा आहे. मुलांची जबाबदारी सोपवलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सगळं अडतं ते 'जाणूनबुजून' या शब्दावर. आवक नंबर पडला, की 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही. 'पोरांचं पोरांत' या वाक्याची मला फार चीड आहे; पोरं गप्प बसतात ती याच वाक्यामुळं.

पोलिसांत जरूर जा. मात्र मारणारे अठराच्या आतले आणि दुखापत साधी, म्हणून सहसा एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते आणि माहिती बाल न्याय मंडळाकडं जाते. त्यावरून ठाण्यात वाद घालू नका. मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांनाच भेटायचंय असं सांगा. त्याआधी सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मुलाला दाखवा, आणि मार कसा लागला ते केसपेपरवर लिहून घ्या. व्हिडिओ जपून ठेवा, पण पुढं कुणालाही पाठवू नका. त्यात तुमचंच लेकरू दिसतंय.

'तू उलट का नाही मारलंस?' असं त्याला घरात कुणी विचारू नये. शाळेचं नाव काढताच घाबरत असेल तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर बोला. अर्ज द्यायला त्याला बरोबर नेऊ नका. शिक्का मारलेली प्रत घरी आणा आणि संध्याकाळी त्याच्या हातात द्या.