मिठाच्या पिशवीवर तारीख घाला

प्रश्न : वय ५१. चार महिन्यांपूर्वी बीपी १५२/९४ निघालं, तेव्हापासून टेल्मिसार्टन ४० घेते. शेजारच्या काकूंनी सांगितल्यावर सैंधव वापरायला लागले, रोज अर्धा तास चालते. बरं वाटतंय. आता गोळी बंद करू का? घरात चौघं आहोत, जेवण साधंच असतं.
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : ताई, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. माझ्या वडिलांनी ‘बरं वाटतंय’ म्हणूनच सोडली होती. आठ महिन्यांत त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून बरं वाटण्यावर विसंबू नका.

सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, म्हणजे साधं मीठच. उलट ‘हे चालतं’ म्हणून चिमूट मोठी होते.

जेवण साधं असेलच, पण मीठ मोजून बघा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही. चौघांचे २० ग्रॅम. किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख घाला. महिन्यात संपली, तर माणशी ८ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात विकतचं लोणचं, पापड, फरसाण, सुकट धरलेलीच नाही! आमच्याकडे पहिली पिशवी २८ दिवसांत संपली. मग भातात मीठ घालणं थांबवलं आणि ताटात मीठ वाढायची रीत सणापुरती ठेवली. कुळथाच्या पिठल्यात आमसूल थोडं जास्त टाकलं की मीठ कमी पडल्याचं कळतही नाही. काही आठवड्यांत जीभ सरावते.

दुकानात कमी सोडियमचं मीठही मिळतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर ते वापरून पाहिलं. २०२१मध्ये निष्कर्ष आले, पक्षाघात कमी झाले होते. पण त्यात पोटॅशियम असतं, आणि तुमच्या गोळीनेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. मूत्रपिंड अशक्त असेल तर ते जिवावर बेतेल. रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

चालणं उत्तम, आठवड्याचे पाच दिवस तरी चुकवू नका. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

आता आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजा. सकाळचं गोळी घेण्याआधी. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. दर वेळी दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. सरासरी १३५/८५च्या खाली असेल तर तुमचं हे सगळं लागू पडतंय. ती वही डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा का, ते तिच्यावरून ठरवतील.