एफपीजीएवरून रंगीत पाल सिग्नल: सुरुवात कुठून कराल?

एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप; पाल (PAL) म्हणजे अ‍ॅनालॉग टीव्हीची रंगीत चित्रपद्धत. तिचा सिग्नल काढताना रंगाची घाई करू नका. आधी टीव्हीवर कृष्णधवल चित्र स्थिर उभं राहू द्या, निम्मं काम तिथेच होतं. पालमध्ये एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, तिच्या सुरुवातीचा सिंक (ओळ सुरू झाली हे टीव्हीला सांगणारा पल्स) ४.७ मायक्रोसेकंदांचा. इंटरलेसिंग (सम-विषम ओळी आळीपाळीने दाखवणं) सध्या बाजूला ठेवा; सरळ ३१२ ओळी काढा, बहुतेक टीव्ही त्या चालवून घेतात.

व्होल्टेज ७५ ओहमचा लोड जोडूनच मोजा: सिंक ०, काळा ०.३, पांढरा १ व्होल्ट. नवखे हमखास इथे फसतात.

मग रंग. सबकॅरियर (रंगाची माहिती वाहणारी लहर) ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ. क्लॉकला पूर्णांकाने भागून तो मिळवायच्या फंदात पडू नका. ३२ बिटांचा फेज अ‍ॅक्युम्युलेटर (दर क्लॉकला ठरावीक संख्या मिळवत जाणारा काउंटर) लिहा, वरचे बिट साइन टेबलला (साइनच्या तयार किमतींच्या यादीला) द्या.

चित्र स्थिर पण बेरंग? मग हे तपासा:

- सिंकनंतर, काळ्या पातळीवर बर्स्टची (टीव्हीला रंगाचा संदर्भ देणाऱ्या सबकॅरियरच्या तुकड्याची) १० आवर्तनं आहेत ना?
- अ‍ॅक्युम्युलेटर दर ओळीला शून्यावर आणताय का? आणू नका, तो अखंड चालू द्या.
- बर्स्टची फेज ओळीआड +१३५ आणि −१३५ अंश होते ना? तिच्याबरोबर व्ही घटकाचं (रंगाच्या यू आणि व्ही या दोन घटकांपैकी एक) चिन्हही उलटलंच पाहिजे. सगळ्यात जास्त वेळ हीच चूक खाते.

पूर्ण पडदा एकसारखा लाल झाला की कलर बार (चाचणीचे रंगीत उभे पट्टे) काढायला घ्या. जमेल तुम्हाला, नक्की.