विषम संख्या मशीनमध्ये सम होते तेव्हा

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १, हिचे अवयव काढायला घेतले की तुमचा प्रोग्रॅम नुसता २, २, २ छापत सुटतो आणि दुसरं साधन 'संयुक्त आहे' म्हणून गप्प बसतं, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि माझाच जुना घोळ आठवला.

छापलेले २ मोजा. ६७ भरतील.

माझी संख्या होती २३०५८४३००९२१३६९३९५१, म्हणजे २ चा ६१ वा घात वजा १. ती मूळ आहे हे १८८३ मध्येच सिद्ध झालंय, आणि माझं मशीन तिचे एकसष्ट २ पाडत होतं! मी भागाकाराचा कोड तीनदा नव्याने लिहिला. मग ज्यांचं कामच ते होतं त्या संगणक विभागाकडे गेलो. त्यांनी संख्येकडे पाहिलंही नाही. प्रोसेसर जुना झालाय, नव्या मशीनसाठी अर्ज करा. केला. त्यात दोन आठवडे गेले, नवं मशीन आलं, पुन्हा एकसष्ट २.

शेवटी वैतागून, संख्या वाचल्यावर लगेच तीच छापून पाहिली. शेवटी ९५१ च्या जागी ९५२! भागाकार सुरू होण्याआधीच निकाल लागलेला. व्हेरिएबल दशांशवाल्या प्रकाराचा होता; त्यात ५३ बिटच मावतात, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांकाला जागा नसते. बिटांत, म्हणजे ० आणि १ मध्ये लिहिली की माझ्या संख्येत एकसष्ट एकं ओळीने. राउंडिंगमध्ये हातचा वर चढत गेला आणि उरला स्वच्छ २ चा ६१ वा घात. तुमचंही तेच, फक्त घात ६७. मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा. आणि कृपा करून संख्या स्प्रेडशीटमधून आणू नका, तिथे १५ अंकांनंतर शून्यं बसतात.

दुसरं साधन मात्र खरं बोलतंय. अवयव न सापडताही संख्या संयुक्त ठरवता येते. तुमच्या याच संख्येला मर्सेन या गणितज्ञाने १६४४ मध्ये मूळ म्हटलं होतं, लुकासने १८७६ मध्ये ते खोडलं, आणि अवयव हाती लागले ते कोलला, १९०३ मध्ये: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. फर्माची चाचणी (एखाद्या पायाचा मोठा घात घेऊन, संख्येने भागल्यावर बाकी १ येते का ते पाहणारी) करणार असाल तर पाया २ घेऊ नका. २ चा घात वजा १ अशा संख्या, घात मूळ असला की, २ ला हमखास फसवतात. लुकास-लेहमर चाचणी बरी: ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, संख्येने भागून बाकी ठेवायची, असं ६५ वेळा. शेवटी ० आलं तरच मूळ.

अवयव स्वतःच शोधायचे असतील तर सगळे भाजक तपासत बसू नका. इथे प्रत्येक मूळ अवयव १३४क + १ (क म्हणजे कुठलाही पूर्णांक) असाच असतो, त्यामुळे साडेचौदा लाख प्रयत्नांच्या आत पहिला सापडतो. मी काही गणितज्ञ नाही, आणि ही सवलत फक्त २ चा मूळ घात वजा १ अशा संख्यांनाच. इतर कुठली संख्या असेल तर अवयव शोधायची पोलार्डची ऱ्हो पद्धत बघा.