टेंबलाई रुसली असेल तर वीस पडून काय उपयोग?

तुम्ही विचारलंय, मित्रांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा, पात्रं घेऊन फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ सुरू करायचाय, जग मध्ययुगीन दंतकथांचं हवंय, तर आर्थर राजा घ्यावा की 'आपल्याकडचंही चालेल'?

त्या 'चालेल'मुळंच लिहायला बसलोय. आठ वर्षांपूर्वी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या माळ्यावर हाच शब्द ऐकला होता. आम्ही पाचजण दर रविवारी खेळायचो. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, असलेला मित्र इंग्रजी मॉड्यूल, म्हणजे तयार साहसकथा, आणायचा. बर्फ, मनोरे, सरायांमधली भांडणं. मी म्हटलं, एकदा करवीरची, म्हणजे आपल्या कोल्हापूरची, कथा घेऊ. तो म्हणाला, "लोककथेत खेळायला काय असतंय? देव येतो, राक्षस मारतो, जत्रा भरते." मी तीन रविवार मागून घेतले.

कथा कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. कोल्हासुराच्या वधानंतर त्याचा मुलगा कामाक्ष सूडाला पेटला. योगदंडाच्या जोरावर त्यानं अंबाबाईसकट देवांची मेंढरं केली. त्र्यंबोलीनं, म्हणजेच टेंबलाईनं, कामाक्षाला मारून सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि बोलवायची राहिली ती नेमकी त्र्यंबोलीच. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, गावाकडं पाठ करून. म्हणून ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, तिथं कोहळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते.

मी नावं बदलली आणि देवांना पटावर आणलंच नाही. खेळाडू साधी माणसं होती: मशालजी, माहूत, वाजंत्री, कारकून. पहिल्या रविवारी त्यांची मेंढरं झाली. दोन तास कुणी बोलायचं नाही, फक्त वास आणि आवाज. शेवटी भाला घेतलेली एक बाई येते आणि त्यांना सोडवते. दुसऱ्या रविवारी मी कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हटलं, सोहळ्याचं आवतण कुणाकुणाला, यादी तुम्ही करा. बेचाळीस नावं झाली. त्यांना चारणारा मेंढपाळसुद्धा आला. भालेवाली कुणालाच आठवली नाही. मी अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या रविवारी गावाकडं येणारी वाट हरवली. गावच्या दिशेनं चालणारा फिरून टेकडीच्याच पायथ्याशी यायचा. वर कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसायचं. आमचा डीएम तेव्हा वाजंत्री होता. त्यानं पायथ्यावरूनच मनधरणीचा वीस बाजूंचा फासा टाकला आणि सगळ्यात मोठा आकडा, वीस पडले. तो उठून नाचला. मी म्हटलं, बोललास सुरेख, पण तिला ऐकायचंच नाही. अर्धा तास वाद झाला. तो वाद मी इथं मिटवतो: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतही वीस पडले की हमखास यश, हे हल्ल्याच्या फाशाला आहे, मनधरणीच्या नाही.

तेवढ्यात आमच्यातल्या एका मुलीनं ती यादी ओढून घेतली. कागदावर भडंगाच्या तेलाचा डाग पडला होता. तिनं नावांवरून बोट फिरवलं, खालपर्यंत गेली, परत वर आली. "अरे, तिला आपण बोलावलंच नाही." माळ्यावर कुणी हललं नाही. मग कुणीतरी विचारलं, मोकळ्या हातानं कसं जायचं? ती म्हणाली, "कोहळा." लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून बघितलेली पालखी टेकडी का चढते, ते त्या संध्याकाळी आम्हाला आतून कळलं.

डीएम मित्र "हा खेळ नव्हे, कीर्तन आहे" म्हणून उठला, तो परत आला नाही. माझं मत आजही तेच आहे. चूक त्यांनी स्वतः केली आणि फेडलीही स्वतः. याहून जास्त खेळ कुठं असतो?

आर्थरशी माझं वैर नाही. बाराव्या शतकात क्रेतिएं द त्र्वानं लिहिलेल्या कथेत आर्थरचा सरदार पर्सिव्हल याच्या डोळ्यांसमोरून ग्रेल, म्हणजे पवित्र पात्र, जातो, पण फार बोलू नये या शिकवणीपायी तो विचारत नाही की हा कुणासाठी. तेवढ्यानं ज्याच्या वाड्यात हे घडतं त्या राजाची जखम तशीच राहते. तिथं न विचारणं, इथं न बोलावणं. आर्थरच्याच जगावरच्या, ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५ च्या पेंड्रॅगन खेळात स्वभावाच्या तेरा विरोधी जोड्या आहेत, प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया वाढली की क्रौर्य तेवढं उतरतं. आर्थर घ्यायचा तर असा घ्या. नकाशावर आर्थरची राजधानी कॅमेलॉट लिहून काही होत नाही.

आपल्याकडचं हवं तर पन्हाळ्याचे शिलाहार घ्या. ते स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. नागाला वाचवायला जो गरुडाच्या पुढ्यात शिळेवर जाऊन पडला, तोच हा. आणि यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड! पूर्वजाला ज्यानं चोचीनं फाडलं तोच निशाणावर का, एवढ्या एका प्रश्नावर वर्षभराची मोहीम निघेल. शेवटही तयार आहे: १२१२ च्या सुमारास सिंघण यादव दुसऱ्या भोजाचं राज्य घेतो. पन्हाळ्याचा तीन दरवाजा मात्र त्यात घालू नका, तो आदिलशाहीतला. मिरचीही नको, ती पोर्तुगीजांच्या मागून आली. तांबड्या रश्श्याशिवाय कोल्हापूर रंगवायला जड जातं, पण मिरी घाला.

एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. आर्थरला कुणी नवस बोलत नाही. अंबाबाईला, जोतिबाला आजही लोक अनवाणी जातात. त्यांना हिट पॉइंट, म्हणजे मार खाऊन घटणारे जीवाचे गुण, देऊ नका, त्यांच्या तोंडी संवाद घालू नका, आणि घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. आमच्या आजीनं दोन अटी घातल्या होत्या: चपला माळ्याच्या जिन्याखाली काढायच्या आणि नवरात्रात पट मांडायचा नाही. आम्ही दोन्ही पाळल्या.